सगुणाने परीकडे मागितलं ते

हिरव्यागार रानाच्या कडेला सगुणा नावाची एक पोरकी तरुण मुलगी राहायची. पळसाची पानं वेचून ती पत्रावळ्या लावायची. मिळेल त्या भाकरीतला तुकडा खारुताईंनाही द्यायची.

नावाड्याच्या भिवावर तिचा फार जीव होता आणि त्याचा तिच्यावर. लवकरच लग्न ठरणार होतं. पण भिवा म्हणायचा, “मैत्रिणींबरोबर गाण्याला जाऊ नकोस,” आणि सगुणा गप्प मान डोलवायची. हळूहळू तिचं गाणं थांबलं, मग हसणंही.

एका सकाळी पळसाच्या केशरी फुलांमध्ये, कोळ्याच्या जाळ्यात, एक इवलीशी परी अडकलेली तिला दिसली. सगुणाने अलगद जाळं सोडवलं. परीने दवासारखे लुकलुकणारे पंख झटकले.

“सोनुले, एक इच्छा माग. पण दुसऱ्याचं मन मला बदलता येत नाही हं!”

“मग माझ्या मनातलं भिवाला न सांगताच कळू दे.”

“ते त्याला कसं कळेल गं? सांगावंच लागेल.”

सगुणाने खूप विचार केला. “मग मला सांगायचं बळ दे.”

“दिलं. पण मग त्याचंही शेवटपर्यंत ऐकायचं. आणि तो निघून गेला तर अडवायचं नाही.”

परीने तिच्या ओठांवर सोनेरी मधाचा थेंब ठेवला.

सगुणा नदीवर गेली. “भिवा, तू मला हवा आहेस. पण गाणं सोडून मी सुखात राहणार नाही. मी आजपासून गाण्याला जाणार.”

भिवाचा चेहरा उतरला. त्याने नाव पाण्यात ढकलली. सगुणाला हाक मारावीशी वाटली, पण ती काठावर उभी राहिली.

ऊन कलल्यावर नाव परत आली.

“तिथे तुला माझ्याहून चांगला कुणी भेटेल, अशी भीती वाटायची,” भिवा हळूच म्हणाला. “ती सांगायची सोडून मी तुला अडवत बसलो. चुकलंच माझं. तू गा, सगुणा.”

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पुन्हा भीती वाटली, तर मला सांगशील?”

“सांगेन.” तो जरा घुटमळला. “तुझा हात धरू का?”

असं त्याने पूर्वी कधी विचारलं नव्हतं.

“धर,” सगुणा हसली.

सगुणाच्या मागोमाग काठावर आलेली परीही खुदकन हसली आणि गुलाबी-सोनेरी उजेड होऊन नदीभर विरघळून गेली.