आयत्या उत्तराची दवंडी

ज्या काळी राजे वेश पालटून गावोगाव हिंडत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट आहे.

एका गावात विहिरीवर रोज सकाळी एक कोडे असे. गावचा गुरव ते रचायचा आणि कोळशाने काठाच्या दगडावर लिहायचा. कोडे एवढेसे, एका ओळीचे. दिवसाला एकच आणि साऱ्या गावाला तेच. पाटलाला वेगळे नाही, सुताराला वेगळे नाही. उत्तर सापडले की काठावर एक खडा ठेवायचा आणि तोंडाला कुलूप लावायचे, अशी रीत होती. बक्षीस काही नव्हते, तरी खडा ठेवायला माणसे धावत येत.

त्या गावातल्या एका सुनेचा सासरा अंथरुणाला खिळला होता. पाय गेले, तशी त्याची अन्नावरची वासनाही उडाली होती. पण सून पाण्याबरोबर कोडे घरी आणी आणि म्हाताऱ्याचा दिवस सुरू होई. तो आढ्याकडे बघत पुटपुटे, चुकला की स्वतःलाच शिव्या घाली आणि त्या नादात चार घास पोटात जात. उत्तर सापडले की सून त्याच्या नावाचा खडा ठेवून येई.

एकदा राजा वेश पालटून त्या गावी आला. घागरी बाजूला ठेवून कपाळाला आठ्या घातलेली माणसे पाहून त्याला कळवळा आला. आपल्या प्रजेने उगाच डोके का शिणवावे? त्याने हुकूम सोडला, की रोज कोड्याबरोबरच उत्तराचीही दवंडी पिटावी. न मागता उपकार करायची ही कोण हौस! पण राजाला बोलणार कोण?

काठावर खडे पडेनासे झाले. दवंडी ऐकली की म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडू लागला. पुढ्यातले ताट तसेच परत जाई. तो डोळ्यांदेखत खंगत चालला, तशी सुनेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

राजाने काय हवे ते विचारले. ती म्हणाली, "महाराज, आधी एक कोडं ऐका. पाण्यात पडते पण भिजत नाही, पायाखाली येते पण दुखत नाही. ती कोण?"

राजा सावरून बसला. त्याने मिशीवरून बोट फिरवले, डोळे मिटले. उत्तर अगदी ओठांवर आले. तेवढ्यात सून मोठ्याने म्हणाली, "सावली."

राजा भडकला. "तुला कुणी विचारलं होतं? माझं मला शोधू द्यायचं होतंस."

"तेच सांगायला आले, महाराज. भरवायचं तर घास भरवा, पण आमच्या वाटचं चावू नका. तुमच्या दवंडीपायी माझे मामंजी जेवेनासे झालेत."

राजाला राग आला होता खरा, पण तो कशाचा हे त्याचे त्यालाच आता उमगले. दवंडी त्याच दिवशी बंद झाली.

दुसऱ्या सकाळी सुनेने कोडे घरी आणले. म्हातारा दिवसभर त्याच्याशी झुंजला. दिवस मावळला, तरी उत्तर काही सापडेना. त्याने गुरवाचा यथेच्छ उद्धार केला, मग सुनेकडे कूस वळवून म्हणाला, "सूनबाई, भाकरी वाढ. आणि खबरदार, उत्तर सांगशील तर."

तात्पर्य: आयते उत्तर देऊन कुणाचा शोधण्याचा आनंद लुटू नये.