काळजाचा ठिपका

गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत ना? मग आता मध्ये बोलू नका.

फार मागं, जपान देशात, एका अक्षरं काढणाऱ्या म्हाताऱ्याकडं शाईची कांडी होती. सहाणेवर पाण्यात उगाळली की शाई व्हायची. झिजून ती पेराएवढी उरली होती. त्या दिवशी म्हाताऱ्यानं ‘दुसऱ्याच्या मनाचा विचार’ या अर्थाचं अक्षर काढायला घेतलं. त्यात काळीज या अर्थाची खूण तळाशी असते, ती शेवटी काढतात.

कुंचल्यानं वरच्या रेघा अशा माजात ओढल्या, की काळजाचा एक ठिपका राहिला आणि शाई संपली.

“ए कांडे, उगाळून घे!”

“मग मी उरणार नाही, कुंचलेदादा. जरा जपून वापरायची होती.”

“तुझं काय मोठं? लोक मला बघायला येतात.”

कांडीला राग आला. पण काळजाविना अक्षर म्हणजे नुसत्या रेघोट्या, हे तिला ठाऊक होतं. ती शेवटपर्यंत झिजली. ठिपका झाला.

लोकांनी कुंचल्याची वाहवा केली. तो फुगला. संध्याकाळी त्याला लाज वाटली, माफी मागायला तो सहाणेकडं वळला, तर तिथं कोणीच नव्हतं.

मी मात्र अजून आहे. ज्याची शिडी मी धरली आणि ज्यानं माझ्याच टाळक्यावर रंगाचा डबा सांडला, त्याला एवढं सांगा. त्या अंकुश पेंटरला.