शिंपुलीचा कापूस आणि रुसलेला पाना

एक होती शिंपुली. एवढीश्शी! तुमच्या मुठीत मावेल एवढी.

शिंपुली म्हणजे पानं शिवणारं पाखरू, बरं का. तिनं अंजिराची दोन पानं जवळ ओढली. चोचीनं टाके घातले. टुच् टुच्, टुच् टुच्! झाली की हो पिशवी! पिशवीत ठेवली इवली इवली अंडी.

पण पिशवीत गादी कुठंय? अंडी नुसत्या पानावर! संध्याकाळी वारा सुटला की गारठून जायची बिचारी.

म्हणून शिंपुलीनं कापूस आणला. मऊ मऊ, पांढरा पांढरा. चोच दुखली, म्हणून अंगणात जरासा खाली ठेवला.

आणि तिथंच घोटाळा झाला.

अंगणात यदुकाका मोटारीचं चाक बदलत होते. आज खंडेनवमी. घरातल्या हत्यारांना हळदकुंकू लावायचा दिवस. उद्या दसरा. मोटार कशी झक्क दिसायला हवी! काकांनी जुनं चाक काढलं. नवं चाक लावलं. हातानंच नट फिरवले, गर्र गर्र. जॅक खाली आला, कुर्र कुर्र. चाक खाली आलं, धप्प!

आणि कापूस? कापूस चाकाखाली!

"झालं बुवा काम!" काका म्हणाले, आणि ओट्यावर जाऊन बसले. अर्धं काम टाकून बसण्यात यदुकाकांचा हात कोणी धरणार नाही.

शिंपुलीनं कापूस ओढला. हलेना. पाय रोवून ओढला. तरी हलेना. शेवटी शिंपुलीच उताणी पडली, बद्द!

मग ती गेली मोटारीकडे. फुर्रर्र, टुण्!

"मोटारताई, मोटारताई, पुढे सर.
कापूस माझा मला दे.
माझी अंडी गारठतील, आता मी काय करू?"

मोटार म्हणाली, "घुर्रर्र! मी नाही जा! माझे नट ढिल्ले. पुढे सरले, तर चाक एकीकडे नि मी एकीकडे! आधी नट घट्ट बसू दे."

शिंपुली गेली थोरल्या नटाकडे. फुर्रर्र, टुण्!

"नटोबा, नटोबा, घट्ट बस.
नट घट्ट बसेना, मोटार पुढे सरेना.
मोटार पुढे सरेना, कापूस मला मिळेना.
माझी अंडी गारठतील, आता मी काय करू?"

नट म्हणाला, "मी नाही जा! मी काय कुणाच्याही हातानं बसतो होय? लांबडा पाना आणाल, तर माझे आटेच जातील. आखूड पाना आणाल, तर मी ढिल्लाच राहीन. मला हवा मधला टॉर्क पाना. पुरे झालं की 'टक्' म्हणतो ना, तो! कमी नको, जास्त नको. आधी त्याला टक् म्हणू दे."

काय हे नखरे! पण करते काय? शिंपुली गेली पान्याकडे. फुर्रर्र, टुण्!

पाना मातीत पडला होता. पेटी तिकडे, पाना इकडे. आणि त्याच्या डोक्याला चक्क खोबरं चिकटलेलं!

"पानेदादा, पानेदादा, टक् म्हण.
पाना टक् म्हणेना, नट घट्ट बसेना.
नट घट्ट बसेना, मोटार पुढे सरेना.
मोटार पुढे सरेना, कापूस मला मिळेना.
माझी अंडी गारठतील, आता मी काय करू?"

पाना म्हणाला, "हुं! मी नाही जा! आज सगळ्या हत्यारांची पूजा. पकडीला हळद, करवतीला कुंकू. आणि मला काय? काकांनी माझ्यानं नारळ फोडला! मी काय हातोडा आहे? माझ्या पोटात नाजूक स्प्रिंग आहे. वर माझी मूठ कधीची मोठ्या आकड्यावर आवळलेलीच ठेवलीय. पोटात कशी कळ येते! आधी काकांना उठू दे. मला पुसू दे. माझी मूठ सैल करू दे. मग बघू."

शिंपुली गेली यदुकाकांकडे. फुर्रर्र, टुण्!

"यदुकाका, यदुकाका, लवकर उठा.
काका जागचे उठेनात, पाना टक् म्हणेना.
पाना टक् म्हणेना, नट घट्ट बसेना.
नट घट्ट बसेना, मोटार पुढे सरेना.
मोटार पुढे सरेना, कापूस मला मिळेना.
माझी अंडी गारठतील, आता मी काय करू?"

काकांनी पाय आणखी लांब केले. म्हणाले, "मी नाही जा! सकाळपासून राबतोय मी!" राबतोय म्हणे! "आधी शालूकाकूला चहा टाकू दे. चहाशिवाय मी ढिम्म हलणार नाही."

शिंपुली गेली शालूकाकूंकडे. फुर्रर्र, टुण्!

काकूंच्या पुढ्यात झेंडूचा ढीग. एका हातात सुई, एका हातात दोरा. एक डोळा मिटलेला, जीभ बाहेर आलेली.

"शालूकाकू, शालूकाकू, चहा टाका.
काकू चहा टाकेनात, काका जागचे उठेनात.
काका जागचे उठेनात, पाना टक् म्हणेना.
पाना टक् म्हणेना, नट घट्ट बसेना.
नट घट्ट बसेना, मोटार पुढे सरेना.
मोटार पुढे सरेना, कापूस मला मिळेना.
माझी अंडी गारठतील, आता मी काय करू?"

काकू म्हणाल्या, "मी नाही जा! मोटारीचा हार कोण करणार? तुझे काका? कधीची बसलेय, पण हा मेला दोरा सुईत शिरेल तर शपथ! आधी त्याला शिरू दे. मग टाकते चहा."

शिंपुली दमली. पंख दुखले. तरी गेली दोऱ्याकडे. फुर्रर्र, टुण्!

"दोरेबुवा, दोरेबुवा, सुईत शिर.
दोरा सुईत शिरेना, काकू चहा टाकेनात.
काकू चहा टाकेनात, काका जागचे उठेनात.
काका जागचे उठेनात, पाना टक् म्हणेना.
पाना टक् म्हणेना, नट घट्ट बसेना.
नट घट्ट बसेना, मोटार पुढे सरेना.
मोटार पुढे सरेना, कापूस मला मिळेना.
माझी अंडी गारठतील, आता मी काय करू?"

दोरा म्हणाला, "मी नाही जा! बघ माझं टोक कसं पिंजारलंय. कुणीतरी ओलं करा. पीळ द्या. छान टोक काढा. मग शिरतो."

आता जायचं कुणाकडे? पुढे कुणीच नाही!

ऊन उतरलं. वारा सुटला, सूं सूं. अंजिराचं पान हललं. शिंपुलीला रडूच आलं.

रडता रडता ती थांबली. ओलं करायचं? पीळ द्यायचा? टोक काढायचं?

"अगं बाई! हे तर मी रोज करते! आणि हिंडतेय मेली सगळ्यांच्या विनवण्या करत!"

दोरा चोचीत धरला. ओला केला. पीळ दिला, गर्र! टोक काढलं, टुच्! आणि सुईत घातला, सुळ्ळकन!

मग काय विचारता!

दोरा सुईत शिरला, काकूंनी चहा टाकला.
काकूंनी चहा टाकला, काका जागचे उठले.

उठले म्हणजे, आधी बशीतून चहा ओढला. फुर्र, फुर्र. मग उठले. पाना उचलला.

काकूंना दिसलं खोबरं! "अहो! नारळ ह्यानं फोडलात? घरात कोयता नव्हता?"

काका एकदम आभाळाकडे बघायला लागले.

पण पाना पुसला हं त्यांनी. कोरड्या फडक्यानं, डोक्यापासून शेपटापर्यंत. त्याची मूठ सैल केली. त्याला हळद लावली, कुंकू लावलं. म्हणाले, "चुकलो रे बाबा. दसरा झाला की दुकानात नेऊन तुझं पोट तपासून आणतो."

पाना हसला. मग काकांनी मोटारीचं पुस्तक उघडलं. चाकाचे नट किती आवळायचे, तो आकडा बघितला. पान्याची मूठ फिरवून तोच आकडा लावला. एक नट इकडचा, एक नट समोरचा. हळूहळू, जोरात नाही.

टक्!

काका म्हणाले, "आणखी थोडं आवळू का?"

"पुरे!" नट ओरडला. "पुरे!" पाना ओरडला. "पुरे म्हणतेय ना मी!" मोटार ओरडली.

पाना टक् म्हणाला, नट घट्ट बसला.
नट घट्ट बसला, मोटार पुढे सरली.
मोटार पुढे सरली, कापूस मोकळा झाला!

शिंपुली धावली. टुण् टुण् टुण्!

अरे देवा! कापूस काळा कुळकुळीत. तेलकट, मातकट. पापडासारखा चपटा. ह्यात कुणाची अंडी निजणार?

शिंपुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

काकूंनी बघितलं. "अगं, कापूस हवा होता होय तुला? वातींचा कापूस आहे की घरात, डबाभर! मघाशीच नाही का सांगायचं?"

शिंपुलीनं आ वासला. मघाशी? मघापासून दुसरं काय सांगत होती ती?

मोटारीनं दिवे मिटले. नट चाकात दडला. पान्यानं तोंड फिरवलं. दोरा खाली बघतोय. काकांनी रिकामी बशीच तोंडाला लावली. प्रत्येकानं आपापलं तेवढं ऐकलं होतं हो!

काकूंनी डबा आणला. जीभ चावली आणि म्हणाल्या, "चुकलंच आमचं. माझा दोरा तू ओवलास. घे, हवा तेवढा घे."

शिंपुलीनं कापूस घेतला. पांढरा पांढरा, मऊ मऊ. पिशवीत पसरला. पंखानं सारखा केला. अंड्यांवर बसली. वारा आला, पान हललं, पण आत कसं उबदार!

काकांनी पान्याची मूठ सगळ्यात लहान आकड्यावर आणली. पाना पेटीत ठेवला. झाकण लावलं, टप्प.

पाना पेटीत निजला. अंडी कापसात निजली. आता इथं कुणाचे डोळे अजून टकटक उघडे आहेत? या बघू जवळ. काय हवंय ते सांगा. आम्ही ऐकतोय.