साखर वाढली, चिंगी धावली

एक होती मुंगी. तिचं नाव चिंगी. होती तिळाएवढी, पण धावायची घोड्यासारखी. तुरुतुरु, तुरुतुरु.

चिंगी राहायची ठकूच्या स्वयंपाकघरात. ओट्याखालच्या भेगेत. तिला एक धाकटा भाऊ होता. त्याचं नाव पिंगू. पिंगूला अजून चावता येत नव्हतं. पोळीचा कण दिला, थू. दाण्याचा कूट दिला, थू. त्याला चोखायला साखरच लागायची. साखर नसली की पिंगू रडायचा. कुईं कुईं, कुईं कुईं.

आता ही ठकू कोण? ठकू या घरातली मुलगी. दीड वर्षाची. चालायची डुगडुग, बोलायची बोबडं, बसायची फतकल मारून. सापडेल ती वस्तू खाली घ्यायची आणि वर बसायची. कोंबडी बसते ना अंड्यांवर, तशी. एकदा बसली की बसली.

ठकूची आई भारी काटकसरी. तिच्या घरात काही म्हणून टाकत नसत. आईची साडी विरली की तिची व्हायची गोधडी. गोधडीतून तुकडा उरला की त्याची व्हायची बाहुली. बाहुलीतून चिंधी उरली की तिचं व्हायचं हातपुसणं. बाबा म्हणायचे, "एक दिवस मलाही घडी घालून ठेवशील." आई म्हणायची, "ठेवीन की. कामाला याल."

एक दिवस काय झालं, आईनं साखरेचा डबा उघडला. आत डोकावून पाहिलं. म्हणाली, "साखर वाढली."

चिंगीनं ऐकलं. साखर वाढली? म्हणजे पुष्कळ झाली. म्हणजे डोंगर झाला. चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

डब्यात पाहते तर काय? काही नाही. खडखडाट.

अहो, या घरात 'संपलं' म्हणत नसत. संपलं म्हटलं की घरातून जातं, असं आई म्हणायची. म्हणून तांदूळ संपले की म्हणायचं, तांदूळ वाढले. तेल संपलं की म्हणायचं, तेल वाढलं. चिंगी बिचारी मुंगी. तिला काय ठाऊक?

आईनं डबा उपडा केला. वरून थापट्या मारल्या. ठक ठक, ठक ठक. एक दाणा पडला. टुप्पकन जमिनीवर.

चिंगीनं दाणा उचलला, डोक्यावर घेतला आणि निघाली घरी. "पिंगू, पिंगू, आले रे."

इतक्यात आली ठकू. डुगडुग, डुगडुग. चिंगी घाबरली, दाणा टाकून पळाली. आणि ठकूनं मारली फतकल. थप्प. कुठे? नेमकी दाण्यावर.

चिंगी म्हणाली,

"ठकूताई, ठकूताई, जरा उठ ना.
माझा दाणा मिळेना,
पिंगू रडायचा थांबेना."

ठकूच्या मांडीवर बाहुली होती. बाहुलीचा एक हात निखळून लोंबत होता. ठकू म्हणाली, "नाई, नाई. आधी बाउली. मग उथीन."

म्हणजे काय? आधी आईनं बाहुली शिवायची, मग ठकू उठणार.

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आई मेथी निवडत होती. पानं भाजीला, कोवळे देठ आमटीला. चिंगी म्हणाली,

"आईसाहेब, आईसाहेब, बाहुली शिवा ना.
ठकू जागची हलेना,
माझा दाणा मिळेना,
पिंगू रडायचा थांबेना."

आई म्हणाली, "नाही, नाही. कशी शिवू? दोरा वाढला."

"वाढला? मग पुष्कळ झाला की. शिवा ना."

"वेडाबाई, वाढला म्हणजे संपला. आधी गोधडीनं दोरा द्यावा, मग मी शिवीन."

चिंगीनं कपाळाला हात लावला. सहा पायांतला कुठला हात, ते तिचं तिला माहीत. चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गोधडी खाटेवर पसरली होती. चिंगी म्हणाली,

"गोधडीबाई, गोधडीबाई, दोरा द्या ना.
आई बाहुली शिवेना,
ठकू जागची हलेना,
माझा दाणा मिळेना,
पिंगू रडायचा थांबेना."

गोधडी म्हणाली, "नाही, नाही. माझा एक टाका उसवलाय खरा. ओढला तर हातभर दोरा निघेल. पण त्याच्यावरच मांजर झोपलंय. आधी मांजरानं उठावं, मग मी दोरा देईन."

मांजराचं नाव भुरी. झोपेत घोरत होती. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. चिंगी तिच्या कानाशी गेली. जरा लांबूनच हं. म्हणाली,

"भुरीमावशी, भुरीमावशी, जरा उठा ना.
गोधडी दोरा देईना,
आई बाहुली शिवेना,
ठकू जागची हलेना,
माझा दाणा मिळेना,
पिंगू रडायचा थांबेना."

भुरीनं एक डोळा उघडला. "नाही, नाही. सकाळपासून पोटात काही नाही. आज दूधही वाढलं."

आता चिंगी शहाणी झाली होती. ती म्हणाली, "वाढलं म्हणजे संपलं ना?"

"तेच ते. आधी बाबांनी दूध आणावं, मग मी उठीन." भुरीनं डोळा मिटला. घुर्र घुर्र.

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. शेजाऱ्यांकडून आणलेलं, कालचं. चिंगी म्हणाली,

"बाबाराव, बाबाराव, दूध आणा ना.
भुरी काही उठेना,
गोधडी दोरा देईना,
आई बाहुली शिवेना,
ठकू जागची हलेना,
माझा दाणा मिळेना,
पिंगू रडायचा थांबेना."

बाबा म्हणाले, "नाही, नाही. कसा जाऊ? माझी एक चप्पल सापडत नाही. एका पायावर लंगडी घालत जाऊ?"

"दुसरी चप्पल घ्या ना."

"दुसरी? हिला पिन लावून दोन वर्षं झाली. अजून दोन वर्षं चालेल, असं तुझ्या आईसाहेब म्हणतात. आधी चपलेनं बाहेर यावं, मग मी दूध आणीन."

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. खाटेखाली पाहिलं, नाही. दारामागे पाहिलं, नाही. बादलीत पाहिलं, तिथेही नाही. चिंगीनं हाक मारली, "चपलाबाई, कुठे आहात?"

एक आवाज आला. दबका, चेपलेला. "इकडे, इकडे."

इकडे म्हणजे कुठे? ठकूच्या खाली. एका मांडीखाली दाणा, दुसऱ्या मांडीखाली चप्पल. मध्ये ठकू, एकदम खूश. चिंगी म्हणाली,

"चपलाबाई, चपलाबाई, बाहेर या ना.
बाबा दुधाला जाईनात,
भुरी काही उठेना,
गोधडी दोरा देईना,
आई बाहुली शिवेना,
ठकू जागची हलेना,
माझा दाणा मिळेना,
पिंगू रडायचा थांबेना."

चप्पल म्हणाली, "नाही, नाही. ठकू माझ्यावर बसलीय. आधी ठकूनं उठावं, मग मी येईन."

घ्या. ठकू उठेल तर चप्पल येईल. चप्पल येईल तर बाबा जातील. आणि सगळं होईल तेव्हा ठकू उठेल. फिरून फिरून भोपळे चौकात.

चिंगी मटकन खाली बसली. ओट्याखालून आवाज येत होता. कुईं कुईं, कुईं कुईं. चिंगीला फार वाईट वाटलं. तिनं एकेक पाय मोजला, एकेक नाव आठवलं. ठकूला विचारलं. आईला विचारलं. गोधडीला विचारलं. भुरीला विचारलं. बाबांना विचारलं. चपलेला विचारलं. कोणाला नाही विचारलं?

चिंगीला नाही विचारलं.

मग चिंगी स्वतःलाच म्हणाली,

"चिंगीबाई, चिंगीबाई, ठकूला उठवा ना.
चप्पल बाहेर येईना,
बाबा दुधाला जाईनात,
भुरी काही उठेना,
गोधडी दोरा देईना,
आई बाहुली शिवेना,
ठकू जागची हलेना,
माझा दाणा मिळेना,
पिंगू रडायचा थांबेना."

आणि चिंगी म्हणाली, "हो, हो. उठवते की. त्यात काय?"

चिंगी ठकूच्या पायाशी गेली. अंगठ्यावर चढली. तुरुतुरु. तळव्यावर आली. तुरुतुरु, तुरुतुरु. चावली का? नाही, नाही. चिंगी चांगल्या घरची मुंगी. तिनं फक्त सहाही पायांनी गुदगुल्या केल्या. गुदुगुदु, गुदुगुदु.

ठकू म्हणाली, "ही."

चिंगी गुडघ्यामागे गेली. गुदुगुदु, गुदुगुदु.

ठकू म्हणाली, "ही ही ही." हसली खुदुखुदु, झाली आडवी, लोळली गडगड. आणि खाली काय काय निघालं. एक चमचा निघाला. कपडे वाळत घालायचा चिमटा निघाला. अर्धा चघळलेला टोस्ट निघाला. चप्पल निघाली.

आणि दाणा?

दाण्याच्या जागी होतं पाणी. छोटंसं तळं. ठकूनं बसल्या बसल्या शू केली होती. साखरेचा दाणा त्यात विरघळून गेला होता.

चिंगी त्या तळ्याच्या काठी उभी राहिली. "दाणा वाढला," ती म्हणाली. आणि तिला रडूच आलं.

पण चप्पल सुटली होती ना. मग काय विचारता?

चप्पल सुटली, बाबांनी घातली. बाबा म्हणाले, "ही ओली कशी?" ठकू हसली खुदुखुदु.

बाबा निघाले. फटक फटक, फटक फटक. आईनं मागून हाक मारली, "अहो, येताना साखरही आणा. वाढलीय."

बाबांनी दूध आणलं, वाटीत ओतलं. भुरी उठली. लपक लपक, लपक लपक. वाटी चकचकीत. आईला घासायचंही काम नाही.

भुरी उठली, गोधडी मोकळी झाली. गोधडीनं दोरा दिला. सुळ्ळकन. हातभर, लाल.

दोरा मिळाला, आईनं सुई ओवली. टच टच, टच टच. बाहुली शिवून झाली. उरला दोरा चार बोटं. आईनं तोही गुंडाळून ठेवला.

बाहुलीला हात आला. ठकूला कोरडी चड्डी आली. ठकू म्हणाली, "बाउली," आणि बाहुलीची पापी घेतली.

बाबांना चप्पल मिळाली. भुरीला दूध मिळालं. गोधडीवरचं ओझं गेलं. आईला दोरा मिळाला. ठकूला बाहुली मिळाली. ज्याचं त्याला मिळालं. ज्या एवढ्याशा मुंगीनं सगळं घडवून आणलं, तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. चिंगी भिंतीला टेकून उभी होती. डोळे पुसत होती. "आता पिंगूला काय सांगू?"

ठकूनं पाहिलं. ठकू छोटी ना, जमिनीच्या जवळ. तिला मुंग्या दिसतात.

आई साखर डब्यात ओतत होती. हळूहळू, एकही दाणा बाहेर न सांडता. सर्र, सर्र. ठकू गेली डुगडुग. डब्यात हात घातला, मूठ भरली आणि आली डुगडुग. चिंगीच्या समोर येऊन मूठ उघडली.

साखरच साखर. पांढरी शुभ्र. चिंगीपेक्षा कितीतरी उंच ढीग.

आईनं एका हातात केरसुणी घेतली, दुसरा हात कमरेवर ठेवला. "ठकू, साखर सांडलीस?"

ठकूनं मान हलवली. "नाई. वाढली."

आई म्हणाली, "वाढली?"

"मुंदीला वाढली." मुंदी म्हणजे मुंगी. रोज दुपारी आई ठकूच्या ताटलीत भात वाढते ना, तशी ठकूनं चिंगीला साखर वाढली होती.

आईचा हात कमरेवरून खाली आला. हातातली केरसुणी तिनं परत कोपऱ्यात ठेवली. म्हणाली, "पाहुण्याला वाढलेलं परत नाही घेत. जेव हो चिंगी, पोटभर जेव."

चिंगीनं एक दाणा उचलला, डोक्यावर घेतला. तुरुतुरु, तुरुतुरु. ओट्याखाली शिरली. पिंगूच्या तोंडात दाणा ठेवला. कुईं थांबलं. चुट्टुक चुट्टुक, चुट्टुक चुट्टुक सुरू झालं.

मग चिंगीनं भावंडांना बोलावलं, मावश्यांना बोलावलं, आत्यांना बोलावलं, शेजारणींनाही बोलावलं. सगळ्यांची रांग लागली. ढीग गेला, तरी रांग थांबेना. रांग चालली थेट डब्याकडे.

आईनं पाहिलं. परातीत पाणी ओतलं आणि डबा मधोमध ठेवला.

साखर गेली पिंगूच्या पोटात,
गोष्ट गेली तुमच्या कानात.