टिपणीससाहेबांचं एका वाक्यातलं मागणं

“पेन्शनवर कर का असावा, बुवा?”

प्रश्न भालचंद्र टिपणीसांचा. अर्थखात्यातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मसुद्यांतल्या पळवाटा शोधण्यात गेली, आणि आपल्या तावडीतून एकही सुटली नाही, असं ते स्वतःच सांगत.

कऱ्हेकाठच्या मठात हैबतबुवा पावटे सोलत बसले होते.

“मला काय विचारता? सरकारला विचारा.”

“सरकारनेच विचारलंय. पेन्शनरांनी सूचना पाठवाव्यात म्हणे. पंचाहत्तरीनंतर माफी द्या, वजावट वाढवा, निम्मीच रक्कम धरा... आमच्या संघाच्या अठरा सूचना आहेत. एकही मान्य होईलसं वाटत नाही.” टिपणीसांचा आवाज उतरला. “उभा जन्म सरकारसाठी झिजलो, बुवा. आता दर महिन्याला कापलेली रक्कम बघून जीव तुटतो.”

“मग मागा.”

मठाची रीत साधी होती. मागणं एका वाक्यात मागायचं. बुवा हात वर करून डोळे मिटत आणि थोड्या वेळाने ‘होईल’ म्हणत. बुवांचा शब्द खाली पडत नाही, अशी पंचक्रोशीची खात्री होती. एका वाक्याचं काम म्हटल्यावर टिपणीसांना मनातून हसूच आलं. तो तर त्यांच्या हातचा मळ.

“माझ्या पेन्शनवर एक पैसाही कर लागू नये.”

बुवांनी हात वर केला, डोळे मिटले.

चहा घेऊन आलेली सोनाबाई थबकली. नगरपालिकेत झाडूकाम करून निवृत्त झालेली; मठात हौसेने राबायची.

“बरं मागितलंत, सायेब. माझ्या पेन्शनीला बी कर न्हाई. साडेनऊ हजाराला कोन लावतंय?”

आपली पेन्शन तेवढीच उरली तरी मागणं पुरं होईल, हे टिपणीसांच्या ध्यानात आलं. त्यांनी झटकन बुवांचं मनगट धरलं.

“थांबा, बुवा. दुरुस्ती आहे.”

बुवांनी डोळे उघडले नाहीत. हातही खाली घेतला नाही.

“पेन्शन आहे तेवढीच राहावी, आणि...” टिपणीस स्वतःच अडखळले. आहे तेवढीच? म्हणजे महागाई भत्त्याची वाढ गेली. “नाही, नाही. पेन्शन वाढत जावी आणि माझ्यावर कर नसावा.”

“तुमच्या येकट्यावर?” सोनाबाईने विचारलं. “संघातल्या लोकांनी काय घोडं मारलंय?”

साहेब ओशाळले. शनिवारी त्याच लोकांपुढे सभेत उभं राहायचं होतं.

“बरं. कुणाच्याच कमाईवर कर नसावा.”

बोलून गेले खरे, पण लगेच जीभ चावली. पेन्शनचा पैसा तिजोरीत कुठून येतो, हे त्या मठात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“हेही खोडा,” ते हळूच म्हणाले.

मग टिपणीस बराच वेळ ओठांतल्या ओठांत शब्द जुळवत होते, मोडत होते. बुवांचा हात तसाच वर होता. शेवटी साहेबांना स्वतःचंच हसू फुटलं, आणि सोनाबाईही तोंडाला पदर लावून हसली.

बुवांनी हात खाली घेतला, दुसऱ्या हाताने चोळला आणि सोलायच्या पावट्यांनी भरलेलं सूप पुढ्यात ओढलं.

“मसुदा जमला की या, साहेब. तोवर भरत राहा.”