घोड्याचं शेपूट आणि दिवाणजींचं कार्ड

मागेच लागलात म्हणून सांगतो, नाहीतर मला हौस नाही. आणि राजाकडे डिजिटल कॅमेरा कुठून आला, हे मधेच कोणी विचारायचं नाही.

खडकवणीच्या राजाने घोड्यावरून खंदक ओलांडला आणि फोटोत आलं नुसतं घोड्याचं शेपूट. तीनदा उडी, तीनदा शेपूट. राजा खवळला. फोटो काढणाऱ्या सगुणाला म्हणाला, "तुझा हात मंद आहे."

"हात नाही महाराज, कॅमेऱ्यातलं फोटो साठवायचं कार्ड मंद आहे."

कार्ड आणलं होतं दिवाणजींनी. ते पुढे सरसावले. "खोक्यावर सोनेरी आकड्यात वेग छापलाय, दोनशे! शिवाय बाजारातलं सगळ्यात मोठं कार्ड. बाईला काम येत नाही, दुसरं काय."

राजा म्हणाला, "मला यंत्रातलं कळत नाही. कॅमेऱ्याला हात न लावता, मला पटेल असं सिद्ध कर. दिवस मावळायच्या आत. नाहीतर कॅमेरा जमा कर आणि उद्यापासून तबेल्यात शेण काढ."

"दिवस कशाला मावळायला हवा? दिवाणजी, कालचा हुकूमनामा वाचा बघू."

दिवाणजींनी पानभर मजकूर एका दमात वाचला आणि मिशीवरून हात फिरवला.

"आता महाराज, तुम्ही त्याच वेगाने वाचा. दिवाणजी लिहून घेतील."

राजा सुटला. दुसऱ्या ओळीलाच दिवाणजींना घाम फुटला. "थांबा महाराज... जरा दमानं..." राजा कसला थांबतोय! शेवटी कागदावर होती पहिली दीड ओळ आणि तळाशी 'मुक्काम खडकवणी'.

"मधलं कुठाय?" राजा ओरडला.

"घोडा गेला तिथंच," सगुणा म्हणाली. "खोक्यावर छापलाय तो वाचायचा वेग. एका उडीचे फोटो कॅमेरा भराभर सांगतो, कार्डाला ते लिहावे लागतात; मागचे लिहून होईपर्यंत पुढचा निघत नाही, तोवर घोडा पार. लिहायचा वेग खोक्याच्या मागे आहे, मुंगीएवढ्या अक्षरात. वीस."

"पण मोठं आहे ना?"

"पोट मोठं आहे, महाराज, फोटो जास्त मावतात एवढंच. पोटाने हात चालले असते, तर दिवाणजींनी दोन हुकूमनामे लिहिले असते."

राजा हसला, इतका की फेटा सुटला. दरबारची सगळी कार्डं निवडायचं काम सगुणाला दिलं, वर तो घोडाही दिला. मग दिवाणजींकडे बघून म्हणाला, "शेण काढायला माणूस तर लागणारच."

दिवाणजींनी तिथल्या तिथे वाकून सगुणाची माफी मागितली. मलाही असंच सोनेरी आकड्यांचं कार्ड विकून, वर चारचौघांत "आजोबा, तुमचा हात थरथरतो" असं जो म्हणाला, त्याने अजून मागितलेली नाही. पेठेतला सुभान्या कॅमेरावाला.