राजकन्येच्या कमरेचा बाक

एका राज्यात दृढसेन नावाचा राजा होता. त्याची एकुलती एक लेक केतकावती घोड्यावर बसली की वाऱ्याशी पैज लावी. धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाने तिला मागणी घातली. ती म्हणाली, "तुझ्यापुढे मी वाकणार नाही."

"मग उलटी वाक," मांत्रिक म्हणाला आणि त्याने मूठभर राख फुंकली. तिच्या बेंबीला एक अदृश्य दोर जखडला. त्याचे दुसरे टोक धूम्रकेशाच्या खजिन्यात.

तेव्हापासून दोर अहोरात्र ओढू लागला. कंबर आत खचली, पोट पुढे आले, तोल सावरता सावरता खांदे मागे गेले. उभी राहिली की पाठीत कळ, बसली की मांड्यांत ताण. पाठीवर निजली तर कमरेखालून मांजर आरपार जाई. सज्ज्यातून दालनात, दालनातून बागेत तिच्या येरझारा चालत. टेकावे कुठे, तेच कळेना.

त्यातच पुढे आलेले पोट पाहून दासी कुजबुजल्या. कुजबूज दरबारात पोचली. राजा मान खाली घालून म्हणाला, "पौर्णिमेला तुझा राज्याभिषेक. त्याआधी या पोटाचे उत्तर दे, नाहीतर राज्य सोड."

"उत्तर माझ्या पाठीत आहे, महाराज," ती म्हणाली. पण तिची पाठ पाहतो कोण?

ती निघाली. वेशीवरच्या वडावर भारद्वाज पक्षी बसला होता. तो बोलला, "राजकन्ये, हा दोर तलवारीने तुटायचा नाही. बीळ ओलांड, कडा ओलांड, आसन ओलांड."

बीळ अजगराचे, उतरते आणि अरुंद. केतकावतीने गुडघे छातीशी घेतले, पाठ गोल केली आणि घरंगळत अंधार पार केला. आखडलेली कंबर कळवळली, तरी बाहेर पडताना किंचित सैल वाटली.

कड्यावर वीतभर वाट होती. पाठ आणि खडक यांत फट सापडली की वारा तीत शिरे आणि माणसाला दरीत लोटे. तिने पोट आत ओढले, कंबर खडकाला चिकटवली. श्वास सुटला की वारा फटीत बोटे घाली. ती पुन्हा पोट ओढी. अशी सरकत सरकत ती पलीकडे पोचली.

पुढे धूम्रकेशाच्या खजिन्याची गुहा. हिऱ्यामाणकांच्या राशीत एक आसन, आणि शेजारी धूम्रकेश. "दमलीस. बैस. इथे वेदना नाही."

ती बसली. खरेच, कळ थांबली. डोळे मिटू लागले. इतक्यात भिंतीलगतच्या मूर्ती दिसल्या. सगळ्या बसलेल्या, सगळ्या सुखात. तिची बोटे दगडासारखी गार पडत होती.

"मी उठते."

"उठशील तर कळ परत येईल."

"येऊ दे."

ती उठली. कळ विजेसारखी शिरली. तिने पोट आवळले, टाचा रोवल्या आणि दोर ओढत असतानाच सरळ उभी राहिली. दोर ताणला, करकरला, तुटला. सुटलेल्या टोकाने धूम्रकेशाला लपेटून आसनावर आपटले आणि तो तिथेच दगड झाला. मूर्तींची माणसे झाली. आळोखेपिळोखे देत उठली.

केतकावती ताठ चालत दरबारात आली. राजा सिंहासनावरून उतरला. "लेकी, मी लोकांचे ऐकले, तुझे ऐकले नाही. क्षमा कर."

"केली, बाबा. पण आधी माझा बिछाना घाला."

ती पाठीवर निजली ती निजलीच. पौर्णिमेचा मुहूर्त टळला. पुरोहित ताटकळले, नगारे मुके राहिले, आणि राजा स्वतः दाराशी उभा राहून प्रत्येकाला म्हणाला, "हळू. राणी झोपली आहे."

तिला विसावा लाभला, तसा ऐकणाऱ्यांनाही लाभो.